‘जुना कचरा’ नावाचा फोल्डर

जावई : …पण आई, मी टाकून काहीच दिलेलं नाही. सगळं जसंच्या तसं उचलून एका जागी ठेवलंय. हा बघा फोल्डर.

सासूबाई : दिसतंय. चष्मा लावलाय मी. ‘जुना कचरा.’ एकतीस वर्षं खपून केलेलं काम आणि त्यावर तुमची पाटी. छान आहे, अगदी नेमकी.

जावई : ते घाईत दिलेलं नाव हो!

सासूबाई : घाईत माणूस खरं बोलतो.

मुलगी : आई, सकाळपासून तू त्याला धारेवर धरलंयस. तुझ्या वाढदिवसासाठी म्हणून दोन दिवस या कॉम्प्युटरपुढे मान मोडून बसला होता तो. चांगल्या मनाने केलं त्याने.

सासूबाई : तेच तर. वाईट मनाने केलं असतं तर मी वेळीच सावध झाले असते. जावईबापू, पुन्हा एकदा दाबा बघू त्या प्रोग्रामवर.

जावई : दाबलं. तेच येतंय. ‘हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही.’

सासूबाई : आणि का चालू शकत नाही ते?

जावई : ते नाही सांगत.

सासूबाई : शहाणा आहे. आमच्या ऑफिसातही अर्ज असेच परत यायचे.

जावई : मला खरंच कळत नाहीये. शुक्रवारपर्यंत हाच प्रोग्राम याच मशीनवर चालत होता. मशीन तेच, प्रोसेसर तोच. मी फक्त जुनी ऑपरेटिंग सिस्टम काढून नवीन टाकली. बत्तीस बिटची होती, चौसष्टची केली. उलट ताकद दुप्पट झाली!

सासूबाई : अभिनंदन. ठोक्याला सांगा ना हे. तो बघा कोपऱ्यात बसलाय गप्प.

मुलगी : आई, त्या प्रिंटरला ठोक्या म्हणू नकोस गं. ब्रेलचा प्रिंटर आहे तो.

सासूबाई : जो कागदावर ठोके देतो तो ठोक्या. आणि आत्ता देत नाहीये. पत्राची अठरा पानं आहेत, एका पानाला चार मिनिटं. आत्ता वाजले साडेदहा. हॉस्पिटलात चार ते सहा भेटू देतात, आणि उद्या सकाळी सातला माझ्या मैत्रिणीला, टेलिफोनला, ऑपरेशनसाठी आत नेणार. तिच्या वयाला, तिच्या हृदयाला. डॉक्टर खात्रीने काहीच बोलत नाहीत. हे सगळं तुमच्या नव्या सिस्टमला माहीत आहे का?

जावई : आई, एक सुचवू? तोपर्यंत पत्र तुम्ही मोबाईलवर रेकॉर्ड करा. तुमच्याच आवाजात. मावशींच्या कानाशी धरलं की…

सासूबाई : वा!

मुलगी : अरे, टेलिफोनमावशीला चार वर्षांपासून ऐकू येत नाही.

जावई : अरे हो. सॉरी. सॉरी, आई.

सासूबाई : असू दे. जन्मापासून दिसत नव्हतं आणि आता ऐकूही येत नाही, हे एखाद्याच्या लक्षात राहत नाही. तिचंच चुकतं. सारखी हसत असते. पस्तीस वर्षं कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर बसली, आवाजावरून माणूस ओळखायची, शिंकेवरून सुद्धा. आता तिच्याकडे राहिली आहेत ती दहा बोटं. आणि त्या बोटांना मी दर आठवड्याला पत्र देते.

मुलगी : मग आई, तळहातावर लिही ना तिच्या. आपण भेटायला गेलो की बोटाने लिहितोच की. ‘चहा घेतला का’, ‘पाऊस आहे’.

सासूबाई : ‘पाऊस आहे’ वेगळं. अठरा पानं तळहातावर कोणी लिहितं का? आणि चिमे, काही गोष्टी समोर बसून स्वतःच्या बोटाने लिहिता येत नाहीत.

मुलगी : म्हणजे?

सासूबाई : म्हणजे माझी बोटं दुखतात. जावईबापू, कॉम्प्युटरच्या पेटीवर मी एक कागद चिकटवला होता. तो कुठे गेला?

जावई : तो ना, पिवळा पडला होता अगदी. मी स्पिरिटने पुसून काढला. डागही राहिला नाही.

सासूबाई : काढण्याआधी वाचला होता?

जावई : वाचला होता. ‘बत्तीसच ठेवावे. हात लावू नये.’

सासूबाई : मग?

जावई : मला वाटलं, जुनी सूचना असेल.

सासूबाई : सूचना जुनीच असते. काहीतरी एकदा बिघडलेलं असतं, म्हणून कोणीतरी ती लिहिलेली असते.

मुलगी : पण ती दोन दिवस आपल्याच घरी होती, तूही जरा फोन करून विचारायचंस रे तिला.

जावई : सरप्राइज होतं ते! विचारलं तर सरप्राइज कसलं? आणि खरं सांगू का आई, आत बघितलं तर मेमरी आठ जीबीची आणि सिस्टम वापरतेय सव्वातीन. उरलेली जवळजवळ पाच जीबी नुसती पडून! माझ्या जिवाला लागलं ते.

सासूबाई : माझ्या नव्हतं लागलं. दुकानदाराने घातली होती आठ, त्याच्याकडे जास्त झाली म्हणून. बत्तीसची सिस्टम म्हणजे पत्ता लिहायला बत्तीस खण. बत्तीस खणांत एवढेच पत्ते मावतात, चार जीबीपर्यंतचे. त्यातले काही पत्ते मशीनचे बाकीचे अवयव स्वतःसाठी अडवून बसतात, म्हणून हाती सव्वातीन. पुढे दहा मजले बांधून ठेवा, पोस्टमन काही तिथे जाणार नाही, कारण पाकिटावर लिहायला जागाच नाही. पण माझं पत्र सव्वातीनच्याही हजाराव्या भागात मावतं. मला वरचे मजले कशाला हवेत? भाड्याने द्यायचेत?

जावई : तेच ना, चौसष्टची सिस्टम टाकली की सगळे मजले वापरता येतात. आणि प्रोसेसर मुळात चौसष्टचाच आहे. चौसष्टच्या प्रोसेसरवर बत्तीसची सिस्टम म्हणजे चुकीची जोडी, मी ती जुळवली.

सासूबाई : जोडी जुळवली! हे लग्न जुळवायचं शास्त्र कुठे शिकलात?

मुलगी : मी सांगते. मोडीत निघालेला त्याचा तो जुना लॅपटॉप होता ना, त्याच्यावर गेल्या महिन्यात याने चौसष्टची सिस्टम टाकायला घेतली. तीन तास. शेवटी लॅपटॉपने सांगितलं, ‘माझा प्रोसेसर बत्तीसचा आहे, मला जमणार नाही.’ तेव्हापासून घरात येईल त्याला हा सांगतो, प्रोसेसर आणि सिस्टम जुळलीच पाहिजे. गॅसवाल्याला सुद्धा सांगितलं.

जावई : गॅसवाल्याने विचारलं होतं.

सासूबाई : म्हणजे अर्धा नियम शिकलात आणि पूर्ण उत्साहाने लावलात. अहो, ते एकाच बाजूने खरं आहे. तान्ह्या मुलाच्या हातात वकिलाची नोटीस दिली तर त्याला वाचता येणार नाही, कबूल. पण वकिलाला तान्ह्या मुलाशी बोलता येत नाही का? तुमचा लॅपटॉप तान्हा होता. माझा प्रोसेसर वकील आहे. त्याला चौसष्ट येतं, बत्तीस येतं आणि त्याआधीचं सोळासुद्धा येतं. माझा प्रोग्राम सोळाचा आहे.

जावई : सोळाचा? आई, अजून सोळाचं काही शिल्लक आहे जगात?

सासूबाई : आहे ना. मी आहे, ठोक्या आहे, टेलिफोन आहे. तिघं मिळून ‘जुना कचरा’.

जावई : असं नका ना म्हणू. बरं, मला एक सांगा. प्रोसेसरला जर सोळा येतं, तर मग अडलंय कुठे? तो का नाही चालवत?

सासूबाई : हं. हा पहिला शहाणा प्रश्न आज. खुर्ची घ्या. चिमे, चहा ठेव. साखर त्यांच्या कपात घाल, लागणार आहे.

मुलगी : मी इथूनच ऐकते. बोल तू.

सासूबाई : प्रोसेसर हा हुकमाचा ताबेदार. त्याला येतं पुष्कळ, पण घर कोणत्या भाषेत चालायचं ते तो ठरवत नाही, ते सिस्टम ठरवते. तुम्ही बटण दाबता ना, त्या क्षणी हा तुमचा दुप्पट ताकदीचा प्रोसेसर सोळाचाच असतो. अजूनही. रोज सकाळी तो तसाच उठतो, जणू मधली चाळीस वर्षं झालीच नाहीत.

जावई : काय सांगता!

सासूबाई : मग त्याला कोणीतरी हाताला धरून बत्तीसच्या मजल्यावर नेतं. तुमची सिस्टम असेल तर आणखी वर, चौसष्टच्या. आता गंमत ऐका. बत्तीसच्या मजल्यावर थांबलात तर खाली सोळाकडे जाणारा एक जिना उघडा राहतो. जुना प्रोग्राम आला की सिस्टम म्हणते, ‘जा बाबा, खालच्या खोलीत बसून कर तुझं काम.’ पण चौसष्टवर चढलात की तो जिना बंद. चौसष्टवर असेपर्यंत प्रोसेसरला स्वतःला खाली येता येत नाही, आणि सिस्टमनेही जुन्या लोकांसाठी राखलेली खोली मोडून टाकलेली असते.

जावई : पण बत्तीसचे प्रोग्राम तर चालतायत. तुमचा तो पत्त्यांचा खेळ चालला की!

सासूबाई : कारण त्यांच्यासाठी दुभाष्या ठेवलाय. एक पिढी मागची माणसं त्यांना चालतात. दोन पिढ्या मागची नाही. घरोघरी तेच आहे, कॉम्प्युटरला कशाला नावं ठेवायची.

मुलगी : आई!

सासूबाई : मी कॉम्प्युटरबद्दल बोलतेय. चहा आण.

जावई : थांबा, थांबा. याच्यावर उपाय आहे. मी वाचलंय. जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम मिळतो. आतल्या आत एक खोटं जुनं मशीन उभं करतो, आणि आपला प्रोग्राम त्याच्यात चालतो. दहा मिनिटं द्या मला.

सासूबाई : दिली. पण घड्याळ मी बघणार.

मुलगी : हा घे चहा. आई, तू अशी टेबलावर बोटं वाजवत नको बसूस, त्याला सुचत नाही.

सासूबाई : आमच्या मशीनच्या खोलीत उन्हाळ्यात सुद्धा स्वेटर घालून बसायचो. मशीनला गारवा लागायचा म्हणून, माणसांसाठी पंखासुद्धा नव्हता. भोकं पाडलेली कार्डं ट्रेमध्ये लावून आत द्यायची, आणि एक कार्ड उलटं गेलं की सगळी रात्रपाळी फुकट. तिथे काहीही बदलायचं तर वहीत लिहायचं, वरिष्ठांची सही घ्यायची. शेजारच्या खोलीत टेलिफोन. मध्ये एक भिंत आणि त्या भिंतीला एक खिडकी. तिथूनच ओरडायची, ‘मशीन, चहा आला का गं?’ मी मशीन, ती टेलिफोन. खऱ्या नावाने हाक मारायला पगाराचा कारकून होता.

जावई : चाललं! चाललं, आई! बघा, निळा पडदा आला. आणि ही अक्षरं… हा फॉन्ट कुठला आहे?

सासूबाई : फॉन्ट! एकेक ठिपका मांडून काढलीयेत ती अक्षरं. ‘ळ’ला चार दिवस लागले. बरं, आता छापायला सांगा.

जावई : सांगितलं. ‘छपाई चालू’ म्हणतोय.

सासूबाई : ठोक्या काय म्हणतोय?

जावई : …काहीच नाही.

मुलगी : वायर नीट बसली आहे का?

जावई : बसलीये. मागच्या त्या रुंद जुन्या सॉकेटमध्येच आहे. पण छापलं म्हणतोय. दोन पानं छापली म्हणतोय!

सासूबाई : छापली असतील. खोट्या मशीनला खोटा प्रिंटर दिसला असेल, त्यावर खोटी पानं. टेलिफोनला म्हणावं, खोटी बोटं लाव आणि वाच.

जावई : एखादी सेटिंग असेल…

सासूबाई : असेल. आणि तुम्ही ती परवापर्यंत शोधून काढाल, एवढा माझा तुमच्यावर विश्वास आहे. टेलिफोनचं ऑपरेशन उद्या आहे. पावणेअकरा वाजून गेले.

जावई : मग एकच राहतं. चौसष्ट काढायची आणि परत बत्तीस टाकायची. त्याच मशीनवर.

सासूबाई : हे मी सकाळी नऊला म्हणाले असते तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. आता तुम्हालाच सुचलं. चिमे, बटणांचा डबा आण. निळा.

मुलगी : बटणांचा? आत्ता? शर्टाचं बटण…

सासूबाई : तळाशी रुमालात सीडी आहे. बत्तीसची. असा दिवस येणार हे मला माहीत होतं. दुकानदार येईल असं वाटलं होतं, घरचा माणूस येईल असं नव्हतं वाटलं.

जावई : आई, मी… बरं. टाकतो. आता थेट…

सासूबाई : थांबा! आधी कचरा सांभाळा.

जावई : हो हो. फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतो. …घेतला. उघडून बघितला. सगळं आहे. पुढे जाऊ? पुसू?

सासूबाई : विचारलंत! बघ गं चिमे, विचारलं त्यांनी. पुसा.

मुलगी : आई, टेबलाखाली हे काय आहे? ठोक्याचा कागद? पूर्ण गठ्ठा आहे, फोडलेलासुद्धा नाही.

सासूबाई : असेल.

मुलगी : पण तू तर म्हणालीस, पत्र शुक्रवारीच लिहून झालं होतं, कागद संपला म्हणून छापायचं राहिलं. कागद तर होता.

सासूबाई : म्हातारपणी दिसत नाही सगळं.

मुलगी : तुला? तुला मागच्या गॅलरीतून समोरच्यांच्या भांड्यावरचं नाव दिसतं!

जावई : आई, हे पंचेचाळीस मिनिटं म्हणतंय.

सासूबाई : म्हणू दे. मशीनने सांगितलेली पंचेचाळीस मिनिटं म्हणजे तास धरावा.

मुलगी : आई, कागद असताना का नाही छापलंस?

सासूबाई : चिमे, तू वकील का नाही झालीस? फी तरी मिळाली असती. चष्म्याचं फडकं दे इकडे.

जावई : मी एक विचारू? हा प्रोग्राम तुम्ही एकटीने लिहिला? ब्रेल वगैरे कुठे शिकलात?

मुलगी : मावशीसाठीच शिकली. मी सातवीत होते. रात्री जेवणं झाली की ही तिच्याकडून ठिपके शिकायची, आणि सकाळी स्वयंपाक करता करता आम्हाला शिकवायची. सगळे म्हणायचे, मैत्रिणीसाठी एवढं कोण करतं? केवढं मोठं मन आहे!

सासूबाई : हो, म्हणायचे. मीही ऐकून घ्यायची.

(तासाभराने. कॉम्प्युटर पुन्हा सुरू होतो.)

जावई : आला! निळा पडदा आला, आणि या वेळी खराखुरा. आई, पत्राचं नाव काय दिलंय?

सासूबाई : ‘शेवटी’.

जावई : सापडलं. आधी एकदा अक्षरं नीट आहेत का ते वाचून बघतो. कॉपी करताना काही बिघडलं असलं तर…

सासूबाई : वाचायची गरज नाही. छापा.

जावई : एकच ओळ वाचतो. पहिल्यांदा न विचारता केलं, आता नीट करू दे ना मला. ‘प्रिय टेलिफोन, या वेळी बिल्डिंगमधल्या बातम्या नाहीत. त्या दिवशी बोर्ड कसा बंद पडला ते तू मला दर दोन-चार वर्षांनी विचारतेस आणि मी दर वेळी म्हणते, कोण जाणे. मला माहीत आहे. आमचं मशीन सारखं अडखळत होतं. त्याला स्वतंत्र लाइन मिळावी म्हणून मागची एक तार मीच काढून दुसरीकडे लावली. वहीत लिहिलं नाही. कोणाला विचारलं नाही. चांगलं होईल म्हणून केलं. ती तार तुझ्या बोर्डाची…’

मुलगी : वाचत राहा.

जावई : नको. अक्षरं बरोबर आहेत.

मुलगी : आई, म्हणजे मावशीला बोर्डावरून काढून पाकिटं चिकटवायला बसवलं होतं, ते…

सासूबाई : दोन वर्षं. साहेबांचा महत्त्वाचा फोन मध्येच तुटला. सहा मिनिटं बोर्ड मेला. मला कळल्याबरोबर मी तार होती तिथे लावून टाकली, त्यामुळे चौकशीला आले तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. मग त्यांनी सोपा निकाल लावला. दिसत नाही, चुकीची तार ओढली असेल. ती सांगत राहिली, ‘मी तार ओढलेली नाही.’ भिंतीच्या खिडकीतून मला ऐकू येत होतं. मी स्वेटर घालून बसले होते.

मुलगी : आणि तू काहीच बोलली नाहीस?

सासूबाई : मी बाईमाणूस, मशीनच्या खोलीत एकटी. नोकरी गेली असती. हे कारण मी स्वतःला सेहेचाळीस वर्षं सांगितलंय. अजून गुळगुळीत झालेलं नाही. दोन वर्षांनी तिला परत बोर्डावर घेतलं, तेव्हा तिने मलाच पहिला फोन लावला. ‘मशीन, मी परत आले गं.’ आणि मी म्हणाले, ‘वा वा.’

जावई : मग तो प्रोग्राम…

सासूबाई : मोठं मन, हो. ते त्या तारेचंच प्रायश्चित्त. एकेक ठिपका. दीड हजार पत्रं झाली असतील. शेजाऱ्यांची भांडणं लिहिली, पडलेले दात लिहिले, तुमच्या लग्नातला बँड बिघडला ते लिहिलं. एवढं एक सोडून. शुक्रवारी लिहिलं आणि छापायचं बटण काही दाबवेना. कागद होता, चिमे.

मुलगी : आणि शनिवारी हा आला.

सासूबाई : शनिवारी हे आले, आणि आज सकाळी मशीनने सांगून टाकलं, ‘चालू शकत नाही.’ खरं सांगू का जावईबापू, पहिली पाच मिनिटं मला हलकं वाटलं होतं. म्हटलं, चला, आता आपली जबाबदारी नाही. दोष द्यायला घरचाच माणूस मिळाला.

जावई : आणि मग सकाळपासून…

सासूबाई : आणि मग सकाळपासून तुम्हाला ऐकवत बसले. न विचारता हात लावलात म्हणून. मला त्यात अनुभव आहे ना.

जावई : आई, सव्वाबारा झाले. दाबू?

सासूबाई : थांबा. सरका. मी दाबते.

मुलगी : …ठोक्या बोलला गं!

जावई : हो! आई, पान बघा. ठिपके उमटतायत. बरोबर आहेत का?

सासूबाई : द्या इकडे. ‘प्रिय टेलिफोन’. ‘ळ’ नाही आला अजून. पण बरोबर आहेत. हळू ओढा कागद, फाडू नका.

जावई : अठरा चोक बहात्तर. दीड वाजेपर्यंत सगळं हातात. जेवून निघालो तरी चारला पोचतो. आणि आई, पेटीवर कागद परत चिकटवायचा आहे. मी लिहितो. ‘बत्तीसच ठेवावे. हात लावू नये.’ तेच ना?

सासूबाई : ‘विचारून लावावा’ असं लिहा. खाली तुमची सही करा. नाहीतर पुढच्याला वाटेल, जुनी सूचना आहे.

मुलगी : आई, मी येऊ तुझ्याबरोबर आत?

सासूबाई : बाहेर बाकावर बस. यांनाही बसव. कोणी नर्स दिसली तर तिला प्रोसेसर शिकवू नका म्हणावं.

मुलगी : मावशी वाचेल तेव्हा तू तिथेच थांबणार? अठरा पानं?

सासूबाई : तिची बोटं आता हळू चालतात. तास लागेल. तार काढल्याचं पहिल्याच पानावर आहे. पुढची सतरा नुसती माझी रडारड आहे, ती नाही वाचली तरी चालेल.

मुलगी : आणि रागावली तर? उद्या ऑपरेशन आहे गं तिचं. आज सांगणं बरोबर आहे का?

सासूबाई : तिनेच गुरुवारी विचारलं. मी तळहातावर लिहिलं, ‘घाबरू नकोस’, तर म्हणाली, ‘घाबरत नाही. फक्त तो बोर्ड कसा बंद पडला तेवढं कळलं असतं, तर बरं झालं असतं.’ अजून तोच आवाज आहे, बोर्डावरचा. ‘बोला, कुठे जोडू’ म्हणायची ना, तसाच.

मुलगी : पण रागावली तर तू काय करशील?

सासूबाई : तिचा डावा हात माझ्या हातात असतो. उजव्याने ती वाचते. रागावली तर डावा काढून घेईल.

जावई : आणि नाही काढला तर?

सासूबाई : पान दुसरं निघालं बघा. घडी न घालता ठेवा.